खालच्या आळीची उघाडी

गटारावर लिहायला बसले आहे असं सांगितल्यावर घरात सगळ्यांनी नाकं मुरडली. "आजी, लिहायला दुसरं काही सुचलं नाही का?" असं नातसूनबाईंनी विचारलंही. सुचलं की. लग्नं आहेत, बारशी आहेत, आगबोटीत बसून मुंबई पाहिली तेही आहे. पण माझं माहेर ज्या गोष्टीने तुटलं ती गोष्ट गावच्या गटारातूनच आली. तिला अत्तर लावून सांगता येत नाही, आणि या वयात मला कुणाचं नाक सांभाळायचंही नाही.

आमचं गाव कुलाबा जिल्ह्यात, खाडीच्या तोंडाशी. वरची आळी उंचावर, मध्ये बाजार, आणि खालची आळी थेट खाडीच्या बांधाला टेकलेली. माझं माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. पाठवणीच्या वेळी रीत म्हणून मी रडले खरी, पण वरात बाजार ओलांडते न ओलांडते तोच सासर आलं, डोळे पुसायलाही सवड मिळाली नाही. पुढे कितीतरी वर्षं माहेरी काही गोडधोड झालं की डबा आमच्याकडे गरम गरम यायचा. पाऊसही दोन्ही घरांचा एकच. वरच्या आळीत पडलेलं पाणी बाजारातल्या दगडी गटारातून खाली यायचं, आमच्या आळीत शिरलं की त्याचा मातीचा नाला व्हायचा, आणि तो नारळी-सुपारीच्या वाड्यांना वळसे घालत बांधापर्यंत जायचा. तिथे बांधाच्या पोटात उघाडी होती.

उघाडी न पाहिलेल्यांसाठी सांगते. बांधातून आरपार गेलेली दगडी मोरी, आणि खाडीच्या बाजूने तिच्या तोंडावर वरून बिजागऱ्यांनी टांगलेलं जाड लाकडी दार. ओहोटीला आतलं पाणी त्या दाराला ढकलून बाहेर जातं. भरतीला बाहेरचं पाणी तेच दार दाबून बंद करतं. ते कुणी उघडायला नको, कुणी लावायला नको. पावसाचं गोडं पाणी बाहेर, समुद्राचं खारं पाणी बाहेरच, एवढं साधं काम. त्या दारात काठी, झावळी, दगड काही अडकू द्यायचं नाही, हीच काय ती काळजी.

ही काळजी म्युनिसिपालिटीची. होळी झाली की तिचे गडी बाजारापासून गाळ उपसत खाली यायला लागायचे. बाजारातला आणि वरचा गाळ आम्ही बायका टोपल्या भरभरून न्यायचो आणि नारळांच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यांत टाकायचो, कारण त्याच्यासारखं खत नाही. त्यासाठी भांडणं व्हायची, आणि मी त्यात मागे नव्हते. उघाडीजवळच्या गाळाला मात्र कुणी शिवत नसे, त्यात मीठ असायचं. नाल्याचा तळ म्युनिसिपालिटीचा आणि काठ ज्याच्या-त्याच्या वाडीचा, असा रिवाज होता. प्रत्येक घरापुढे नाल्यावर लाकडी साकव होता, त्याखाली नारळाची सोडणं आणि झावळ्या अडकायच्या, त्या त्या घराने काढायच्या. न काढणाऱ्याच्या नावाने माझ्या सासूबाई साकवावर उभ्या राहून जे बोलायच्या ते बाजारापर्यंत ऐकू जायचं. मग वैशाखात गडी उघाडीच्या दाराला डांबर फासायचे आणि कडांच्या फटींत काथ्या ठोकून बसवायचे. दार नीट बसलं की सासूबाई नारळ वाढवायच्या आणि तेव्हा कुठे आमची आळी पावसाला तयार व्हायची.

एवढा जीव त्या दारात अडकला होता तो विहिरीपायी. खालच्या आळीला गोड्या पाण्याची विहीर एकच, आणि ती आमच्या वाडीत. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खाऱ्या दलदलीचं खाजण, आणि मध्ये हे पाणी इतकं गोड की त्यात शिजलेल्या डाळीला निराळीच चव यायची. सगळी आळी ते पाणी प्यायची, सुपाऱ्यांनाही रहाटाने तेच जायचं. सासूबाईंनी मी नवी नवरी असतानाच सांगून ठेवलं होतं, "पोरी, खारं पाणी एकदा का विहिरीत उतरलं, की आळी उठली असं समज."

आता दादा. माझा थोरला भाऊ, एकुलता एक. वडील लवकर गेले, त्यामुळे मला पाटी-पेन्सिल त्याने आणून दिली, पोहायला त्याने शिकवलं, मला दाखवायला पाव्हणे आले तेव्हा दाराआडून खुणा करून हसवून माझी फजितीही त्यानेच केली. बाजारात त्याची भाताची वखार होती. बोलणं गोड, गावात ऊठबस मोठी. मला तो बाय म्हणायचा. त्याच्याइतका जवळचा मला कुणी नव्हता, हे मी आजही लपवत नाही.

एकोणीसशे तिसाच्या आगेमागे त्याच्या मनात म्युनिसिपालिटीत जायचं आलं. त्या सुमारास उघाडीचं दार कुजलं होतं. उधाणाच्या भरतीला फटींतून पाण्याच्या चिळकांड्या उडायच्या आणि आमचे हे आणि आळीतले पुरुष गोणपाटं घेऊन धावायचे. दादा भाऊबीजेला आला. पाटावर बसला, मी ओवाळलं. त्याने तबकात हात नेला आणि रिकामाच मागे घेतला.

"बाय, यंदाची ओवाळणी उधार," तो म्हणाला. "मला निवडून येऊ दे, तुझ्या उघाडीला नवं दार घालून देतो. सागवानी."

आम्ही सगळे हसलो. पण मला ते मनापासून पटलं. घरपट्टी भरणाऱ्यांची मतं, म्हणजे पुरुषांचीच बहुतेक, पण पुरुषांची मतं कुठून येतात हे मला ठाऊक होतं. हळदीकुंकवाचं निमित्त काढून मी आळीतल्या एकेका स्वयंपाकघरात गेले. माझा भाऊ आहे, दार घालून देणार आहे, माझा शब्द. असं मी सांगितलं, आणि खालच्या आळीने झाडून सगळी मतं दादाला दिली.

त्याने शब्द पाळला, हेही सांगायला हवं. बांधकामाच्या कमिटीचं काम त्याच्याकडे आलं आणि पुढच्याच उन्हाळ्यात म्हसळ्याकडच्या रानातलं सागवान मचव्यातून आलं. दार बसवलं त्या दिवशी आळीतल्या बायकांनी दाराला हळदकुंकू वाहिलं. पहिली उधाणाची भरती आली आणि दाराने थेंबही आत येऊ दिला नाही. मी इतकी फुगले की विचारू नका. लोकांचे भाऊ बहिणींना साड्या देतात, माझ्या भावाने मला उघाडी दिली, असं मी पाणी भरायला आलेल्या बायकांना ऐकवायचे. त्या निमूट ऐकून घ्यायच्या. करतात काय, विहीर माझी, दार माझ्या भावाचं!

काही वर्षं अशी बरी गेली. मग दादाला अध्यक्ष व्हायचं होतं. ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण टोपी जाऊन पगडी आली, वखारीत गादीवर नवं पांढरं आवरण आलं, तेव्हा आम्ही काय ते समजलो. आषाढात जिल्ह्याहून एक साहेब म्युनिसिपालिटीची कामं पाहायला यायचा होता. गोरा नव्हे, स्वच्छ मराठी बोलणारा आपल्यातलाच. साहेब खूश झाला, त्याने चार माणसांत चांगला शब्द टाकला, तर दादाला अध्यक्षपद चुकत नाही, अशी गावात हवा होती.

आणि आमच्या भागात सरकारी माणसाला खूश करायचं म्हणजे जिताडा. हा खाडीतला मासा, अंगाने जाड, चवीला लोण्यासारखा. मामलेदारापासून पोस्टमास्तरापर्यंत ज्याच्याकडे काम अडलंय त्याच्या स्वयंपाकघरात आधी जिताडा पोचायचा, मग माणूस. त्यात तो आषाढ, समुद्र बंद. थळच्या कोळणी यायच्या त्याही सुकट घेऊन. श्रावण तोंडावर आल्यामुळे जो तो ताज्या माशासाठी हपापलेला. तेव्हा ताजा मासा खाडीतलाच.

जिताडा भरतीबरोबर आत शिरतो. म्हणून खाजणात शेती करणारे लोक कधीमधी आपल्या शेतावरच्या उघाडीचं दार ओंडका लावून उचलून धरतात, सुरुवातीची भरती आत घेतात, मासा आला की ओंडका काढून दार सोडतात. शेतात ते खपून जातं. आमच्या उघाडीच्या मागे शेत नव्हतं. तिथे माणसं राहत होती.

साहेब यायचा त्या दिवशी अमावास्या होती. आमच्या किनाऱ्यावर अमावास्येचं उधाण भर दुपारी चढतं. सकाळी हे वाडीच्या टोकाला गेले आणि लगेच परतले. यांचा स्वभाव मुळात शांत, आवाज कधी चढायचा नाही. पण त्या दिवशी अंगणातूनच म्हणाले, "अगो, उघाडीला ओंडका लावलाय. दार वर धरलंय."

यांनी तो काढायला हात घातला होता. पण उघाडीवर नेमलेला म्युनिसिपालिटीचा गडी जाळं लावून तिथेच बसला होता, तो आडवा आला.

"भाऊ, हात लावू नका," तो म्हणाला होता. "दादासायबांचा हुकूम हाय. सायबासाठी जिताडा पायजे. दार खाली टाकायचं न्हाय, टाकलं तं माझी नोकरी जाईल."

मी तशीच डोक्यावर इरलं घेऊन बाजारात गेले. दादा वखारीत आरशासमोर पगडी नीट करत होता. साहेब डाकबंगल्यावर उतरला होता आणि त्याला निघायची घाई होती.

"दादा, उघाडीला ओंडका तू लावायला सांगितलास?"

"मीच. अर्धी भरती झाली की काढायला सांगितलाय."

"आज उधाण आहे."

"बाय, मला उधाण शिकवतेस? ते दार घातलं कुणी?" तो हसला. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "अगो, वर्षातला एक दिवस. तुझी विहीर ती माझी नाही? माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

होता. म्हणून तर मी परत फिरले.

पुढचं पटापट झालं. भरतीच्या पहिल्या लोंढ्यालाच जाळ्यात मोठा जिताडा आला. मासा ताजा पोचला पाहिजे अशी ताकीद असल्यामुळे गड्याने तो खांद्यावर टाकला आणि डाकबंगल्याकडे धूम ठोकली. तिथे त्याला मासा साफ करायला बसवलं. ओंडका काढायला उघाडीवर कुणीच उरलं नाही. वरून पाऊस कोसळत होता. बघता बघता नाला उलटा वाहायला लागला. खाली जायच्या ऐवजी पाणी फेस, सोडणं, कुजकी पानं घेऊन आमच्या घरांकडे चढू लागलं.

आणि आमच्या आळीची काय तऱ्हा सांगू! नाल्यात जिताडे उड्या मारताना दिसले आणि अर्धी आळी टोपल्या, पाट्या, आईची लुगडी, हाताला येईल ते घेऊन मासे धरायला धावली. श्रावणाआधीचा मासा! साकवांवर दाटी झाली. मी ओरडत होते, "अरे, पाणी खारं आहे, विहिरीकडे चला!" कुणी ऐकेना. एक शेजारीण तर मलाच टोपलीतला मासा दाखवून म्हणाली, "वयनी, तुमचे दादा देव हाईत!" आजही आठवलं की तिला एक ठेवून द्यावीशी वाटते.

हे कुऱ्हाड घेऊन बांधावर गेले. छातीभर पाण्यात उतरले. तोवर प्रवाहाने ओंडका आडवा होऊन दगडात असा पाचरला होता की हलेना. यांनी तो घाव घालून घालून तोडला. तुटताच दार एवढ्या जोराने आदळलं की एक बिजागरी उखडली आणि ते सागवानी दार दुसऱ्या बिजागरीवर लोंबकळत राहिलं. बाजूने पाणी येतच राहिलं.

सासूबाई आणि मी विहिरीवर होतो. कठड्याभोवती गोणपाटं टाकली, त्यावर माती ओढली, मातीवर पाट मांडले. पाणी आलं, थोडा वेळ थांबलं, आणि मग कठड्यावरून आत पडायला लागलं. सासूबाई खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले. मी नाही झाकले. मी ते सगळं ऐकलं.

ओहोटी लागल्यावर संध्याकाळच्या सुमाराला साहेब पाहणी करत बांधावर आला. जेवण छान झालं असणार, चालताना तो हळूहळू पावलं टाकत होता. दादा त्याच्या डोक्यावर छत्री धरून शेजारी. बरोबर म्युनिसिपालिटीची दोन-चार माणसं, आणि मागे तो गडी. बांधावर हे चिखलाने माखलेले उभे होते, हातात कुऱ्हाड. खाली आळीतली माणसं टोपल्यांत मासे घेऊन. आणि मध्ये मोडकं दार.

"हे दार कुणी तोडलं?" साहेबाने विचारलं.

मी पदर खोचून वाडीच्या कडेला उभी होते. मला खरंच वाटलं की आता दादा बोलेल. माझी चूक झाली, असं म्हणणार नाही, हे ठाऊक होतं. तेवढा भोळेपणा माझ्यातही नव्हता. पण तपास करतो, असं काहीतरी म्हणेल, वेळ मारून नेईल. यांना वाचवेल.

दादाने यांच्याकडे पाहिलं, कुऱ्हाडीकडे पाहिलं, टोपल्यांकडे पाहिलं. छत्री साहेबाच्या डोक्यावर आणखी थोडी पुढे धरली आणि म्हणाला, "काय सांगायचं साहेब, मासळी दिसली की ह्या लोकांना भान राहत नाही. एवढं चांगलं दार घालून दिलं, त्याचं हे केलं."

ह्या लोकांना. त्यात मी होते.

यांनी तोंड उघडलं, गड्याकडे वळून म्हणाले, "तू सांग. ओंडका कुणी लावला ते सांग." साहेबानेही गड्याकडे पाहिलं. गड्याने मान खाली घातली. "मी डाकबंगल्याला व्हतो, सायेब," तो म्हणाला. "मला ठावं न्हाय." मला त्याचा राग आला, पण फार दिवस टिकला नाही. त्याला घरी खाणारी तोंडं होती आणि दादा त्याचा कुणी भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माहेरी गेले. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या माजघरात निघून गेल्या. दादा झोपाळ्यावर होता. मला वाटलं होतं तो नजर चुकवेल. नाही चुकवली. उलट मीच समजूतदारपणा दाखवायला हवा अशा सुरात बोलायला लागला.

"अगो, तू उगाच जिवाला लावून घेतेस. भावोजींना काय होणार आहे? त्यांना कुठे निवडून यायचंय?"

"सगळा गाव त्यांना चोर म्हणतोय, दादा."

"गाव विसरतं. मी अध्यक्ष झालो की पहिलं दार तुझ्या उघाडीचं. मग तर झालं?"

"आणि विहीर?"

"पाऊस पडतोय ना? धुऊन निघेल."

मी झोपाळ्याची कडी धरून उभी होते. लहानपणी त्याच झोपाळ्यावर त्याने मला इतक्या जोरात झोके दिले होते की मी किंचाळून पडले होते, आणि आईने मारू नये म्हणून त्याने स्वतःच पडल्याचं सोंग केलं होतं. तोच हा माणूस. मला वाटतं, नुसतं वाईट वागणाऱ्यापेक्षा आपल्याशी कधीतरी फार चांगलं वागलेला माणूस असा वागला की ते जास्त लागतं. मी झोपाळ्याची कडी सोडली आणि घरी आले.

पाऊस पडला, पण विहीर धुऊन निघाली नाही. हे रहाटाला बैल जुंपून दिवसच्या दिवस उपसा करत. पाणी खाली जाई, पुन्हा भरे, आम्ही चाखून पाहत असू, आणि कुणी कुणाला विचारत नसे. मीठ जमिनीतच उतरलं होतं. दसऱ्याच्या सुमाराला सुपाऱ्यांची पानं टोकाकडून पिवळी पडायला लागली आणि हिरवी फळं टपटप गळायला लागली. आळीतल्या बायका हंडे घेऊन वरच्या आळीच्या विहिरीवर जाऊ लागल्या, त्यांच्याबरोबर मीही. ती वाट माझ्या माहेराच्या दारावरून जायची. बायका मला टोमणे मारायला चुकत नसत. "तुमच्या भावाची ओवाळणी जड झाली हो आमच्या डोक्याला," असं एकीने सरळ हंडा दाखवून म्हटलं. मतं मी मागितली होती, माझ्या शब्दावर दिली गेली होती.

दादा अध्यक्ष झाला. गुलाल आमच्या आळीपर्यंत आला नाही, ताशांचा आवाज मात्र आला. मोडक्या दाराला जुन्या फळ्या मारून म्युनिसिपालिटीने ते कसंबसं बसवून दिलं. सागवानाचं नाव कुणी काढलं नाही.

मग आळीने अर्ज केला. म्युनिसिपालिटीच्या गटारातून आलेल्या पाण्याने विहीर बिघडली असेल, तर वरच्या अंगाला दुसरी विहीर खणून देणं म्युनिसिपालिटीला भाग होतं, असं आळीतल्या एका शिकलेल्या माणसाने शोधून काढलं. फक्त विहीर बिघडली आहे एवढं तिने मान्य करायला हवं. दार कुणी उघडलं, कुणी तोडलं, तो वाद आम्हाला नकोच होता; पण विहीर बिघडली असं लिहिलं की खारं पाणी आत कसं आलं हे जिल्ह्याहून विचारलं जाणार, हे दादाला कळत होतं. यांनी तर सांगून टाकलं, "मला चोर म्हणू देत. विहीर मिळू दे." नवी विहीर नाही मिळाली तर पुढच्या उन्हाळ्यात आळीतली निम्मी घरं उठणार, हे प्रत्येकाला दिसत होतं. दोघा-तिघांनी मुंबईच्या गिरणीत ओळखी काढायलाही सुरुवात केली होती.

दिवाळी होऊन गेल्यावर विहीर पाहायला कमिटी आली. अध्यक्ष स्वतः आले, म्हणजे दादा, आणि दोन सभासद. सकाळची वेळ, छान ऊन पडलेलं. आळी सगळी वाडीत जमली होती. पुरुष एका बाजूला, बायका सुपाऱ्यांखाली, पोरं कठड्यावर. सासूबाईंनी कमिटीसाठी बाजेवर सतरंजी टाकली. कितीही झालं तरी दारी आलेली माणसं.

विहिरीत डोकावून तिघांनीही माना हलवल्या. पाणी दिसायला स्वच्छ होतं, नितळ. आळीतल्या शिकलेल्या माणसाने अदबीने विनंती केली की पाहून कळणार नाही, चाखून पाहा. पहिल्या सभासदाला त्या दिवशी उपास होता, त्यात पाणीसुद्धा चालत नव्हतं म्हणे. दुसऱ्याचा घसा धरला होता. हसू येत होतं, पण कुणी हसलं नाही. सगळे दादाकडे पाहत होते.

"पाहू या," दादा म्हणाला. "त्यात काय!"

पाणी मी शेंदलं. दुसऱ्या कुणाच्या हाताने त्याला ते मिळू नये असं मला वाटलं. इतक्या महिन्यांत आम्ही बोललो नव्हतो. तांब्या भरून मी त्याच्यासमोर धरला, त्याने घेतला, आणि घेताना नेहमीच्या सवयीने म्हणाला, "बरी आहेस ना, बाय?" मी मान हलवली. मनात आलं, आता हे ह्याच्या जिभेवर जाईल. जीभ तर खोटं सांगत नाही. ह्या पाण्यावर वाढलेला नसला तरी इथे येऊन हे पाणी तो कितीदा प्यायला होता, माझ्या हातून, माझ्या पडवीत बसून. आता त्याला कळेलच. आणि कळल्यावर एवढ्या सगळ्यांसमोर, माझ्यासमोर, तो बोलणारच.

दादाने तांब्या वर धरून पहिला घोट घेतला. घोट तोंडात गेला तेव्हा त्याच्या कपाळावर एक आठी आली. ती मी पाहिली. सासूबाईंनी पाहिली. आमच्या ह्यांनीही पाहिली. मग तो थांबला नाही. गटागटा, तांब्या रिकामा होईपर्यंत प्यायला. उपरण्याने तोंड पुसलं.

"गोड आहे," दादा म्हणाला. "पाणी गोडच आहे की."

बायकांतून कुणीतरी हुंदका दिला. दोन्ही सभासदांनी माना डोलावल्या. अध्यक्षांनी स्वतः पिऊन पाहिलं, आणखी काय हवं?

मी पुढे होऊन त्याच्या हातातून तांब्या घेतला.

"आणखी देऊ, दादा?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, मिठाने असेल किंवा कशानेही असेल.

"दे," तो म्हणाला.

मी पुन्हा विहिरीतून पाणी काढलं, तांब्या काठोकाठ भरला आणि त्याला दिला. तोही त्याने संपवला.